फुटलेल्या मोटरीची विचारपूस

अमेरिकेतल्या हौशी रॉकेटवाल्यांच्या बोलीत 'केटो' असा एक शब्द आहे. हल्ली वजन उतरवू पाहणाऱ्या मंडळींच्या तोंडी जो 'कीटो' असतो, त्याचा याच्याशी काडीचाही संबंध नाही. रॉकेट सुटताना त्याची मोटर फुटली की मैदानावरच्या सगळ्यांच्या तोंडून एकदम हा शब्द निघतो. 'कॅटॅस्ट्रॉफी ॲट टेकऑफ', म्हणजे उड्डाणाच्या क्षणीच घात, याचे ते लघुरूप असल्याचे सांगतात. शब्द दोनच अक्षरांचा. पण तो उच्चारला जातो तेव्हा कुणाची तरी तीन-चार महिन्यांची मेहनत, शे-दोनशे डॉलर आणि पुष्कळशी हौस एका सेकंदात धुराला मिळालेली असते.

मी मूळचा नाशिकचा. नोकरीच्या निमित्ताने अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागात येऊन स्थिरावलो, त्याला आता वीस वर्षांवर काळ लोटला. इथे कुणी गोल्फ खेळतो, कुणी तळ्यावर गळ टाकून बसतो. मी महिन्यातला एखादा शनिवार, मका काढून मोकळ्या पडलेल्या एका विस्तीर्ण शेतात, चाळीस-पन्नास रॉकेटवेड्यांच्या संगतीत घालवतो. देशावरून फोन आला आणि हे सांगितले की पलीकडून हमखास प्रश्न येतो, "म्हणजे दिवाळीतली रॉकेटं का रे?" तसे नव्हे, हे पटवायला थोडा वेळ लागतो.

आमची रॉकेटे पुठ्ठ्याची किंवा फायबरग्लासची असतात. त्यांना प्लायवूडचे पंख, टोकाला निमुळते नाक आणि पोटात पॅराशूट. काही कमरेएवढी, काही चांगली दोन पुरुष उंचीची. खाली मोटर बसवायची, वर पाठवायचे आणि पॅराशूटने सुखरूप परत आणायचे. मग नवी मोटर घालून पुन्हा उडवायचे. मोटरींना इंग्रजी मुळाक्षरांप्रमाणे नावे आहेत आणि प्रत्येक पुढच्या अक्षराला मोटरीचा एकूण आवेग दुप्पट होतो. 'ए' ची मोटर फार तर अडीच न्यूटन-सेकंदांची, शाळकरी मुलांच्या हाती द्यावी अशी. 'एच' पासून 'हाय पॉवर' सुरू होते. 'एच' म्हणजे १६० ते ३२० न्यूटन-सेकंद. असे दुप्पट-दुप्पट करत 'ओ' ला पोहोचलो की आकडा चाळीस हजारांपर्यंत जातो. नेवाडातील ब्लॅक रॉकचे वाळवंट, कॅलिफोर्नियातील ल्युसर्नचे कोरडे तळे, कॅन्ससमधील अर्गोनियाचे कुरण ही या पंथाची तीर्थक्षेत्रे. 'एच' आणि 'आय' साठी पहिली परवाना-पायरी, 'जे' ते 'एल' साठी दुसरी आणि त्यापुढे तिसरी. प्रत्येक पायरीला जाणत्या परीक्षकासमोर रॉकेट उडवून, ते धड परत आणून दाखवावे लागते.

या छंदाचा जन्मच मुळी अपघातांच्या भीतीतून झाला आहे. १९५० च्या दशकात, आणि विशेषतः १९५७ साली रशियाचा स्पुटनिक आकाशात फिरू लागल्यावर, अमेरिकेतली पोरे घरच्या घरी रॉकेट करू लागली. लोखंडी नळीत काड्यापेटीचे गूल नाहीतर कसली तरी मिश्रणे ठासायची आणि पेटवायची. बोटे गेली, डोळे गेले. नेब्रास्कातील नॉरफोक गावात ऑरव्हिल कार्लाइल नावाचे एक गृहस्थ चपला-बुटांचे दुकान चालवीत. त्यांनी १९५४ च्या सुमारास एक छोटी, कागदी नळीची, तयार मोटर बनवली. जी. हॅरी स्टाइन या रॉकेटतज्ज्ञाने तिचे मोल ओळखले आणि १९५७ मध्ये आजच्या 'नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्री' चा पाया घातला. विचार साधा होता. दारू ठासण्याचे काम कारखान्याने करावे, मुलांनी रॉकेट बांधावे. आणि मोटर कधी ना कधी फुटणारच, तेव्हा फुटली तरी कुणाला इजा होऊ नये अशी तजवीज आधीच करून ठेवावी.

मोटर फुटते कशी, हे समजायला स्वयंपाकघरातला कुकर डोळ्यांसमोर आणावा. शिट्टी होते तेव्हा कुकरमधला दाब बाहेरच्या हवेच्या साधारण दुप्पट असतो. आमच्या मोटरीत तोच दाब तीस ते साठ पट असतो आणि मोटरीला शिट्टी नसते. असते ते फक्त खालचे अरुंद तोंड, म्हणजे नॉझल. आत असते अमोनियम परक्लोरेट आणि रबर यांचे मिश्रण. दिसायला आणि हाताला थेट खोडरबरासारखे, मधोमध आरपार भोक असलेले ठोकळे ॲल्युमिनियमच्या नळकांड्यात एकावर एक रचलेले. हे इंधन भोकाच्या आतल्या अंगाने जळत बाहेर सरकते. जितका पृष्ठभाग पेटलेला, तितका वायू अधिक. वायू तयार होण्याचा वेग आणि नॉझलमधून निसटण्याचा वेग यांचा मेळ बसला की मोटर सुरळीत चालते.

मेख इथेच आहे. दाब वाढला की हे इंधन अधिक वेगाने जळते. अधिक वेगाने जळले की दाब आणखी वाढतो. त्यामुळे पेटलेला पृष्ठभाग दुप्पट झाला, तर दाब दुपटीवर थांबत नाही. इंधनाच्या जातीप्रमाणे तो तिपटी-चौपटीवर जातो. आणि पृष्ठभाग वाढायला काय लागते? ठोकळ्यातली एखादी चीर, ओतताना राहून गेलेला हवेचा बुडबुडा, किंवा ठोकळा आणि त्याभोवतीचे अस्तर यांत पडलेली फट. ज्वाळा तिथे शिरली की संपले. नळकांडे उभे चिरते, नाहीतर वरचे झाकण किंवा खालचे नॉझल उडून जाते.

पण हा झाला गाजावाजा करून होणारा बिघाड. याखेरीज मुकाट्याने होणारे प्रकार आहेत. अस्तर कुठेतरी जळून नळकांड्याच्या अंगाला भोक पडते, तिथून ज्वाळा निघते आणि रॉकेट वाकड्या वाटेने जाते. पेटवणी ठोकळ्याच्या भोकात अगदी वरपर्यंत गेली नसेल, तर मोटर धड पेटत नाही; दम लागल्यासारखी फस्-फस् करीत राहते. कधी बटण दाबूनही काहीच होत नाही. आणि कधी मोटर उत्तम चालते, पण वर गेल्यावर पॅराशूट बाहेर ढकलणारी दारू फार लवकर पेटते किंवा पेटतच नाही. लवकर पेटली तर वेगात असलेल्या रॉकेटची नळी पॅराशूटच्या दोरीने उभी फाटते. पेटलीच नाही, तर ते रॉकेट नाक खाली करून भाल्यासारखे येते. कुणी अनुभवी माणसाला विचारले तर तो सांगेल, की पॅडवर फुटलेल्या मोटरीपेक्षा या शेवटच्या प्रकाराचीच भीती अधिक. फुटणारी मोटर कुठे फुटेल ते ठाऊक असते. भाला कुठे पडेल ते ठाऊक नसते. म्हणून असे काही दिसले की ध्वनिक्षेपकावरून 'हेड्स अप' चा पुकारा होतो. पुकारा ऐकताच गप्पा, सँडविच, कॅमेरे सगळे सोडून प्रत्येकाने उभे राहायचे, वर पाहायचे आणि येणाऱ्या रॉकेटकडे बोट दाखवायचे. शंभर बोटे एका दिशेला रोखलेली असली, की न दिसलेल्यालाही ते दिसते.

मोटर फुटणार असे गृहीत धरून मैदान आखलेले असते, हे नव्या माणसाच्या चटकन लक्षात येत नाही. 'एच' पासून 'जे' पर्यंतच्या मोटरीपासून माणसांनी निदान १०० फूट दूर असावे असा नियम आहे. 'के' साठी २००, 'एल' साठी ३००, 'एम' साठी ५००, 'एन' साठी १,००० आणि 'ओ' साठी १,५०० फूट. पॅडभोवतीचे गवत काढलेले असते. पाण्याच्या टाक्या, फावडी आणि झोडपायला ओली पोती तयार असतात. इंधन पेटले की ते विझवण्याच्या भानगडीत कुणी पडत नाही. त्याचा प्राणवायू त्याच्या अंगातच असतो, त्यामुळे माती टाकून ते गुदमरत नाही. ते जळू द्यायचे आणि आजूबाजूचे गवत सांभाळायचे.

सर्वांत अवघड नियम मात्र साठ सेकंदांचा आहे. बटण दाबले आणि रॉकेट हलले नाही, तर आधी विजेचा प्रवाह तोडायचा आणि नंतर पूर्ण एक मिनिट कुणीही त्याच्या जवळ जायचे नाही. नियम वाचायला सोपा आहे. पण सगळे मैदान आपल्याकडे पाहत असताना, मागे दहा माणसे रांगेत असताना, ते एक मिनिट फार मोठे होते. आपल्याकडे दिवाळीत न वाजलेल्या फटाक्यावर वाकून 'गेला वाटतं' म्हणणारा एक तरी मुलगा प्रत्येक गल्लीत असतो. अशा फटाक्यांनी किती घरांतली दिवाळी इस्पितळात घालवली, हे वाचकांना मी सांगायला नको. तो मुलगा मूर्ख नसतो; त्याला फक्त साठ आकडे मोजायला कुणी शिकवलेले नसते. इथे आठ-नऊ वर्षांची पोरे मोठ्याने आकडे मोजताना मी पाहिली आहेत, आणि दर वेळी फुसक्या बारावर वाकलेली आपल्याकडची मुले मला आठवली आहेत.

मोटर फुटल्यावर काय करायचे, हे मी पुस्तकातून वाचले होते; प्रत्यक्ष पाहिले ते माझ्या मुलीच्या रॉकेटच्या वेळी. तिला अठरा वर्षे पूर्ण झाली त्या हिवाळ्यात तिने पहिल्या पायरीसाठी स्वतः रॉकेट बांधले. पंख घासून गुळगुळीत करण्यात तिचे कितीतरी रविवार गेले. वसंतात परीक्षकासमोर तिने 'एच' ची मोटर जुळवली, प्रत्येक ओ-रिंगला वंगण लावले, यादीवर खुणा केल्या. पाच ते एक आकडे मोजून झाले. रॉकेट पॅडवरून जेमतेम माणसाच्या उंचीइतके उठले असेल-नसेल, तोच ठाप् असा आवाज झाला आणि नळीचा वरचा अर्धा भाग चिंध्या होऊन उडाला.

केटो झाली की ते उड्डाण परवान्यासाठी धरले जात नाही. दोष कुणाचाही असो. मुलीचा चेहरा पाहून मी बापाच्या जातीला साजेसे बोलू लागलो, "जाऊ दे गं, आपण दुसरं करू." तेवढ्यात आमच्या क्लबातले एक निवृत्त शिक्षक तिच्याशेजारी येऊन उभे राहिले. हयातभर शाळेत पदार्थविज्ञान शिकवलेले, सत्तरी ओलांडलेले गृहस्थ. मी मनातल्या मनात त्यांना गुरुजी म्हणतो. त्यांनी सांत्वन वगैरे काही केले नाही. विचारले, "आवाज एकच आला, की आधी बारीक सुस्कारा ऐकू आला?"

ती दचकली. जरा आठवून म्हणाली, "एकच."

"छान. विसरायच्या आत लिहून ठेव. आणि कुणालाही काही उचलू देऊ नकोस."

मैदान मोकळे झाल्याची परवानगी मिळाली, तेव्हा दोघे हळूहळू पॅडकडे गेले. गुरुजींनी आधी एकच गोष्ट पाहिली, ती म्हणजे पॅराशूटची दारू पेटून गेली आहे की अजून जिवंत आहे. मोठ्या रॉकेटात ही दारू इलेक्ट्रॉनिक यंत्राच्या हुकमावर पेटते, आणि मोटर फुटली तरी ते यंत्र जागे असते. अशा वेळी आधी त्याचा खटका बंद करायचा, मगच रॉकेटला हात लावायचा. त्यानंतर फोटो. मग पाचसहा जणांनी हातभर अंतरावर उभे राहून, भातलावणीला उभे राहावे तसे एका ओळीत, वाकून पावलापावलाने तुकडे वेचले.

दुमडत्या टेबलावर जुने वर्तमानपत्र पसरून त्यांनी ते सारे मांडले. कुठलीही गोष्ट पुसायची नाही, धुवायची नाही. नॉझल अखंड होते, त्याचे तोंड मोकळे होते. म्हणजे खालून काही अडकले नव्हते. दोन्ही ओ-रिंग शाबूत, कुठे करपलेल्या नाहीत. म्हणजे जुळणी ठीक होती. वरच्या झाकणाचे आटे मात्र ओरबाडून निघाले होते; म्हणजे दाब सहन होईना इतका वाढला होता. कशामुळे? उत्तर सापडले ते गवतात मिळालेल्या इंधनाच्या तुकड्यांत. नळकांडे फुटून दाब एकदम उतरला की पुष्कळदा हे इंधन जागच्या जागी विझते, त्यामुळे पुरावा शिल्लक राहतो. एका तुकड्याच्या मोडलेल्या अंगावर हरभऱ्याएवढा गुळगुळीत खळगा होता. ओतताना राहिलेला बुडबुडा!

"म्हणजे माझं चुकलं नव्हतं," मुलगी म्हणाली. तिच्या आवाजातली सुटका लपत नव्हती.

गुरुजी म्हणाले, "हा तुकडा सापडला नसता, तरी चुकलं नसतंच. पण मग ते ना तुला कळलं असतं, ना मला. आता पुढचं काम. ही मोटर ज्या दिवशी बनली त्याच दिवशीची मोटर आज आणखी कुणाच्या तरी पेटीत आहे."

त्यासाठी या मंडळींनी एक सोय करून ठेवली आहे. तिचे नाव 'मालफंक्शनिंग इंजिन स्टॅटिस्टिकल सर्व्हे', आणि आद्याक्षरे जोडली की होते 'मेस', म्हणजे इंग्रजीत सावळागोंधळ. नाव गमतीचे असले तरी काम गंभीर आहे. कुणाचीही मोटर बिघडली की त्याने तिचा प्रकार, तिच्यावरचा उत्पादनाच्या तारखेचा आकडा, काय झाले आणि कशामुळे झाले असावे हे कळवायचे. एकाच तारखेच्या मोटरींबद्दल तक्रारी येऊ लागल्या, की मोटरींना मान्यता देणाऱ्या संघटनांच्या चाचणी समित्या त्यात लक्ष घालतात. गरज पडली तर ती मोटर उडवायला मनाई होते. मुलीने त्याच रात्री अर्ज भरला. त्याच तारखेच्या आणखी काही मोटरी इतरत्र फुटल्याचे पुढे कळले. कंपनीने उरलेल्या मोटरी परत मागवल्या, नवी मोटर आणि नवे नळकांडे पाठवले. रॉकेट मात्र पुन्हा तिलाच बांधावे लागले. शरद ऋतूत ते उडाले आणि तिला परवाना मिळाला.

ही नोंद म्हणजे हौशी लोकांचा कागदी खेळ वाटेल. पण ज्या ओ-रिंगला आम्ही शनिवारी वंगण लावत बसतो, तिच्याच मोठ्या बहिणीने २८ जानेवारी १९८६ रोजी 'चॅलेंजर' यानाचा घात केला. थंडीने ताठरलेली ती रबरी कडी सांध्यात नीट बसली नाही, गरम वायू बाहेर पडला आणि उड्डाणानंतर ७३ सेकंदांत सात माणसे गेली. रिचर्ड फाइनमन यांनी चौकशी आयोगासमोर बर्फाच्या पाण्यात ओ-रिंगचा तुकडा बुडवून दाखवला, ते दृश्य जगभर गाजले. पण त्याआधीची हकीकत अधिक बोचणारी आहे. ओ-रिंग करपल्याच्या खुणा १९८१ पासून दिसत होत्या आणि त्यांची नोंदही होती. रॉजर बॉइजोली या अभियंत्याने जुलै १९८५ मध्येच लेखी इशारा दिला होता. उड्डाणाच्या आदल्या रात्रीही अभियंत्यांनी विरोध केला होता. लिहिणाऱ्यांनी लिहिले होते. ज्यांनी निर्णय घ्यायचा, त्यांनी ते मनावर घेतले नाही. 'आजवर निभावले, आजही निभावेल' या वाक्याइतके घातक इंधन अजून कुणी बनवलेले नाही.

उलट बाजूचे उदाहरणही आहे. नागरी अंतराळ मोहीम म्हणून काही हौशी मंडळींनी ब्लॅक रॉकच्या वाळवंटातून अवकाशाच्या सीमेपलीकडे रॉकेट पाठवायचे ठरवले. २००२ साली त्यांची मोटर सुटल्यावर काही सेकंदांतच फुटली. दोन वर्षे त्यांनी पुन्हा काम केले आणि १७ मे २००४ रोजी त्यांचे रॉकेट शंभर किलोमीटरची सीमा ओलांडून गेले. हौशी लोकांनी अवकाश गाठण्याची ती पहिलीच वेळ. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांचेही २०१३ आणि २०१४ मधले दोन प्रयत्न फसले होते. २०१९ मध्ये त्यांच्या रॉकेटने ती उंची गाठली. मोठ्यांचीही यातून सुटका नाही. मे २०२५ मध्ये आपल्या पीएसएलव्हीचे एक उड्डाण अयशस्वी झाले तेव्हा तिसऱ्या टप्प्याच्या मोटरीतला दाब घटल्याचे इस्रोने सांगितले. दाब फाजील वाढला तर मोटर फुटते, घटला तर तिचा दम जातो. वाळवंटातल्या 'एच' ला आणि श्रीहरिकोट्याच्या अग्निबाणाला नियम एकच.

आमच्या क्लबात 'मेस' खेरीज एक साधी वहीही असते. नोंदणीच्या टेबलावर, दोरीने पेन बांधलेली. बिघाड झाला की त्यात चार ओळी लिहायच्या, कुणीही वाचाव्यात. गेल्या वर्षी हंगाम संपता संपता खुद्द गुरुजींच्या मोठ्या रॉकेटची मोटर फुटली. वरचे झाकण उडाले, मागचे सगळे जळाले. तुकडे मांडून झाल्यावर त्यांना कळले, की वरची ओ-रिंग बसवायचीच राहिली होती. मोटर जुळवत असताना कुणीतरी काही विचारायला आले, ते उत्तर देत राहिले आणि ती कडी टेबलावरच राहिली. हे त्यांच्याखेरीज कुणाला कळले नसते. मोटर सदोष होती म्हणाले असते, तर सगळ्यांनी मान डोलावली असती. कंपनीने कदाचित बदलूनही दिली असती.

त्यांनी चष्मा पुसला, वही ओढली आणि तारीख घालून लिहिले, 'वरची ओ-रिंग बसवली नाही. बोलण्यात लक्ष गेले. मोटर निर्दोष.' खाली पूर्ण नाव, सही. नंतर एक पांढरी पाटी मागवून घेतली, तिच्यावर ठळक अक्षरांत लिहिले, 'मोटर जुळवणाऱ्याशी बोलू नका', आणि ती जुळणीच्या टेबलावर उभी केली. ती पाटी अजून तिथे आहे. नवी मंडळी आधी हसतात, मग वहीतले ते पान वाचतात आणि आवाज खाली करतात.